बंद फोनमधलं कण्हणं

दाराबाहेर चपलांचे सत्तावीस जोड होते आणि आत एक कॉम्प्युटर. एवढ्या माणसांना एका कॉम्प्युटरपाशी काय बघायचं आहे, हे जिना चढताना मावशीला कळेना. आत पाऊल टाकल्यावर कळलं आणि तिला शिसारी आली.

बैठकीच्या खोलीत शेजारीपाजारी दाटीवाटीनं बसले होते. खालच्या मजल्यावरची शिवणवाली तर गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून आली होती. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी इंटरनेट जोडणारा मोडेम, आणि खुर्चीवर या घरची सून मान खाली घालून बसलेली. तिच्या मागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, केसांना तेल चोपडलेला एक माणूस डोळे मिटून उभा होता. लोक त्याला लहरीबाबा म्हणत.

सुनेनं माउसचं बटण दाबलं. मोडेम नेहमीसारखा किंचाळला, मग खरखरला.

"ऐका!" बाबा गरजला. "ही वरची लहर! ही खालची लहर! दोन्हींच्या मध्ये आत्मा अडकलाय! बोला, गृहस्वामी, बोला!"

"काय म्हणतात हो?" शिवणवालीनं विचारलं.

"इथे गर्दी आहे, त्यांना संकोच वाटतो. मी आत जाऊन विचारतो."

बाबा आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. ती खोली मावशीच्या भावोजींची. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

चार मिनिटं झाली. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चित्र विझलं. इंटरनेट तुटलं.

"तुटलं! तुटलं!" सगळी खोली एका सुरात बोलली. बाबा बाहेर आला तो कपाळ पुसतच.

"सुनेचा हात त्यांना सोसत नाही. आता मुलाला बसवा."

मुलगा बसला. बाबा या खेपेला बाहेरच थांबला, त्याच्या डोक्यावर हात धरून. दहा मिनिटं झाली तरी काही तुटलं नाही. आणखी काय पुरावा हवा? बाबानं निकाल दिला. सुनेनं उद्या सकाळी माहेरी जावं आणि वर्षभर या घराच्या तारेला हात लावू नये. तोवर आतल्या खोलीत बाबा स्वतः मुक्काम करणार; आठवडाभर तो तिथेच झोपत होता. सुनेची बॅग दाराशी भरून ठेवलेलीच होती. ती ताईनं भरली होती. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, या सुनेची सासू.

सुनेनंच सकाळी मावशीला फोन केला होता. "मावशी, मला घालवून देताहेत. तुम्ही या." सून घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची आणि चारच्या आत ऑफिसला पाठवायची. गेले दोन महिने रोज तीनच्या सुमारास लाइन तुटत होती. ऑफिसनं शेवटची ताकीद दिली होती. नोकरी जायच्या बेतात होती, आणि आता घरही.

मावशीची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून गेली होती. तिनं भाच्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तू कॉम्प्युटरवर कधी बसतोस?"

"संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर."

"तेव्हा तुटतं?"

"नाही."

"मग दुपारी तीनला या घरात काय होतं, ते बघितलंस कधी?"

"मी घरी कुठे असतो मावशी? बाबा म्हणाले..."

"बायकोला घराबाहेर काढताहेत आणि तू मिठाची गुळणी धरून बसलायस! लाज वाटत नाही?"

भाचा पुन्हा बैठकीत जाऊन बसला.

बाहेर बाबाचं चहापान चाललं होतं. तेवढ्यात मावशी आतल्या खोलीत गेली. भावोजींच्या उशीवर तेलाचा हा एवढा डाग पडला होता. खाटेखाली उष्टी ताटली होती, तिच्यावर माश्या. माणूस जाऊन जेमतेम तीन महिने झाले आणि हा बाबा त्याच्या अंथरुणात लोळत होता.

खाटेशेजारी भावोजींचा फोन होता. घरात सगळे त्याला बंद फोन म्हणत, कारण तो वर्षभरात वाजला नव्हता. मावशीनं तो उलटा केला. तळाशी बेलचा खटका होता आणि तो बंद होता. आजारी भावोजींची झोप मोडू नये म्हणून वर्षापूर्वी तिनंच तो बंद केला होता आणि साफ विसरून गेली होती.

तिनं रिसीव्हर कानाला लावला. खणखणीत डायल टोन येत होता. फोन जिवंत होता, बैठकीतल्या फोनच्याच लाइनवर. रिसीव्हर मात्र तेलानं बुळबुळीत झाला होता. मावशी खाटेमागे वाकली, फोनची छोटी तार दोन्ही टोकांच्या पिनांसकट उपटली आणि गुंडाळून मुठीत घेऊन बाहेर आली.

"बाबा, मी आत्ताच आले. मला नीट बघायला मिळालं नाही. एकदा पुन्हा दाखवता?"

बाबा खूश झाला. सून पुन्हा बसली, मोडेम किंचाळला, बाबा आत गेला. चार मिनिटं झाली. आठ झाली. लाइन ठणठणीत. आतून आवाज आला, टक. मग टक टक. मग कुणीतरी चिडून आपटल्यासारखा टक टक टक टक. लोक एकमेकांकडे बघू लागले.

बाराव्या मिनिटाला दार उघडलं. बाबाचा चेहरा क्षणभरच पडलेला दिसला. मग त्यानं दोन्ही हात वर केले.

"शांत केलं! केवढी झुंज झाली म्हणून सांगू! पण ही शांती उद्या सकाळपर्यंतच. सून गेलीच पाहिजे."

लोकांचे हात जोडलेही गेले. मावशीनं मूठ उघडली.

"झुंज कशाची झाली? या तारेची? फोनची तार मी काढून ठेवली होती. तुम्ही मेलेल्या फोनचा रिसीव्हर आपटत होतात."

तिनं आत जाऊन तार बसवली आणि भाच्याला कॉम्प्युटर लावायला सांगितला. लाइन जुळल्यावर तिनं आतला रिसीव्हर उचलला. इंटरनेट तुटलं.

"काय रे, तुझे वडील आता तुझ्यावरही रागावले का?" तिनं आतून विचारलं. "लाइन एक आणि फोन दोन. एकावर इंटरनेट चालू असताना दुसरा उचलला की तुटणारच. एवढंच आहे त्या लहरींचं."

शिवणवाली आत आली, तिनं रिसीव्हरचा वास घेतला, मग बाहेर जाऊन बाबाच्या डोक्याजवळ नाक नेलं. "तेच तेल!" ती म्हणाली. सगळे हसले.

ताई हसली नाही. ती आत येऊन मावशीसमोर उभी राहिली.

"पण मी त्यांना ऐकलंय गं. रोज दुपारी तीनला, त्यांच्या औषधाच्या वेळेला, मी हा फोन पुसते. पुसून कानाला लावते. आत ते कण्हतात. मी फक्त बाबांना सांगितलं होतं."

मावशीनं रिसीव्हर ताईच्या कानाला लावला आणि भाच्याला हाक मारून पुन्हा कॉम्प्युटर लावायला सांगितला. मोडेम किंचाळला, खरखरला.

"हेच," ताई म्हणाली. "हेच ते." मग ती खाटेवर बसली. "म्हणजे रोज मीच तोडत होते?"

"तूच. आणि बेल बंद करणारी मी. आपल्या दोघींना ठाऊक नव्हतं." मावशीनं दाराकडे बोट दाखवलं. "याला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तू नवऱ्याचा आवाज शोधत होतीस आणि यानं त्यात आपली झोपायची सोय बघितली. थू!"

बाबा तोवर जिन्यात पोचला होता. घाईत तो दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून गेला.

"आम्हाला आधीपासून शंका होतीच," शिवणवाली उठता उठता म्हणाली.

"मग खाटेमागे का नाही वाकलात?" मावशी कडाडली. "ही तार कुठून कुठे जाते, एवढंच बघायचं होतं. तुम्ही सत्तावीस जण जमलात आणि एकानं वाकायचे कष्ट घेतले नाहीत. तिला घालवून देताना बरे सगळे हजर! कळत नसेल तर कळत नाही म्हणा, विचारा, उलटसुलट करून बघा. पण कळत नाही म्हणून माणसाला घराबाहेर काढू नका."

खोली रिकामी झाली. सून खुर्चीवरून उठली नाही.

"आई, माझ्या हातात दोष आहे, हे तुम्ही सगळ्यांसमोर मानलंत," ती म्हणाली.

ताईनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली, सुनेच्या खोलीत नेली आणि एकेक कपडा पुन्हा कपाटात लावला. मावशी मदतीला पुढे झाली तर तिनं नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ताई फडकं घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी आली आणि थांबली.

"तुझं पाठवून झालं का गं?"

"पाच मिनिटं थांबा," सून स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

ताई फडकं हातात धरून थांबली.