बुरुजावरच्या पिंपातली आई

मी एक जुनं पिंप आहे, मित्रांनो. चेस्टनटच्या लाकडाचं, बुटकं आणि पोटाशी जरा सुटलेलं. आज माझं तोंड उघडं आहे, म्हणून बोलून घेतो. थोड्या वेळात ते मेणाने बंद करतील आणि मग काही वर्षं मला गप्प बसायचं आहे.

कियान्तीच्या टेकड्यांत ओत्ताविओच्या घराला एक दगडी बुरूज आहे. त्याच्या माथ्यावर, कौलांखाली माझा मुक्काम. उन्हाळ्यात भाजून निघायचं, हिवाळ्यात काकडायचं. त्याशिवाय विन सान्तो ही गोड वाइन मुरतच नाही. ओत्ताविओच्या आजोबांनी मला आणि माझ्या भावंडांना करवून घेतलं. आढ्याला टांगून सुकवलेली द्राक्षं नाताळच्या सुमारास पिळायची, रस आमच्या पोटात भरायचा आणि तोंड बंद करून चक्क विसरून जायचं. पुढे वाइन काढून घेतात, पण तळाचा दाट, काळा गाळ तसाच ठेवतात. त्याला इथे ‘आई’ म्हणतात. तुमच्या घरच्या विरजणासारखीच ती. तिच्यावाचून नव्या रसाला घरची चव येत नाही.

लग्नकार्यात माझं फार कौतुक व्हायचं. बदामाची कडक बिस्किटं माझ्या वाइनमध्ये बुडवून खाताना म्हातारी माणसं डोळे मिटायची. एका वर्षी शेजारच्या आर्जियाच्या छपरावर वीज पडली आणि तिची पिंपं जळाली. ती तांब्याचं भांडं घेऊन दारात आली. ओत्ताविओने माझ्या तळातली थोडी आई तिला काढून दिली. पुढे मात्र भिंतीवरून आत आलेली तिच्या अंजिराची फांदी त्याने न विचारता तोडली, आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग सून आली, मिरेल्ला. शहरातली, पण कामाला वाघ. तिने घरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गावातलं जुनं चर्च, त्याच्या भिंतींवरची चित्रं, आमचा बुरूज आणि द्राक्षमळे बघायला लोक येतात आणि आठवडाभर राहतात. घर हसतंखेळतं झालं. माझ्या खोलीची किल्ली मात्र ओत्ताविओच्या कमरेलाच होती.

यंदा वाइन काढून झाली आणि तो गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला. किल्ली पहिल्यांदाच घरी राहिली. आम्ही पिंपं पाहुण्यांना दाखवावीत, या भल्या हेतूने मिरेल्लाने आम्हाला अंगणात आणलं आणि गरम पाण्याने, सोड्याने आतून खसखसून घासलं. मित्रांनो, आयुष्यात मी इतका स्वच्छ आणि इतका रिकामा कधी नव्हतो.

“बाबा, बघा कसं लख्ख झालंय!” ओत्ताविओ घरी आल्यावर ती म्हणाली.

तो वाकून माझ्यात बघत राहिला. “तळातला गाळ कुठाय?”

“नालीत ओतला. वास मारत होता.”

“पोरी, माझ्या आजोबांपासून सांभाळलेली आई होती ती.”

मिरेल्लाचा चेहरा उतरला. पण गप्प बसणारी ती नव्हे. “मला कोण सांगणार होतं? किल्ली कधी कुणाच्या हाती दिलीत तुम्ही?”

द्राक्षं तर सुकून तयार होती; आता आईवाचून रस भरायचा कसा?

“आर्जियाकाकूही हीच वाइन करतात. त्यांच्याकडे असेल ना आई?” तिने विचारलं.

“मेलो तरी तिच्या दारात जाणार नाही.”

मिरेल्लाने मला ढकलगाडीत घातलं आणि ती एकटीच निघाली.

आर्जिया दारातच होती. सगळं ऐकून घेऊन तिने कमरेवर हात ठेवले. “सुनेला पुढे केलं का? फांदी तोडायला बरा स्वतः शिडीवर चढला होता!”

“मी इथे आलेय हे त्यांना माहीतही नाही, काकू. चूक माझी आहे.”

“माहीत आहे मला,” मागून आवाज आला. ओत्ताविओ काठी टेकत, धापा टाकत आला होता. त्याने टोपी काढली. “आर्जिये, फांदीचं चुकलं माझं. आमची आई गेली. थोडी देतेस?”

आर्जिया आत गेली ती तेच तांब्याचं भांडं भरून घेऊन आली. “देते कसली? तुमचीच आहे. माहेरी चाललीय म्हण. आणि उभा काय राहिलास त्या गुडघ्यावर? बस!”

तो दाट काळा गाळ माझ्या तळाशी उतरला, तेव्हा मला खरोखर रडू आलं.

आता ती आई थोडी थोडी वाटून घेऊन आम्ही भावंडं पुन्हा वर आहोत. रस भरून झाला आहे. ही आई आमच्यात रुजली की नाही, ते तोंड उघडेल तेव्हाच कळेल. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा, पण त्या कशा सांभाळायच्या तेही घरातल्यांना सांगा. आणि असेल त्यातलं थोडं शेजारी देऊन ठेवा. आम्ही कुलपात जपलेलं एका सकाळीत नालीतून वाहून गेलं. देऊन टाकलेलं तेवढं उरलं.

आर्जिया मेण ओततेय, ओत्ताविओ उगाच सूचना देतोय आणि ती त्याला गप्प करतेय. किल्ली मिरेल्लाच्या कमरेला आहे.