माळवदाखालच्या दुपारी

सीईटीच्या क्लाससाठी लातूरला आलेल्या आलियाच्या वाट्याला होस्टेलची गच्चीवरची पत्र्याची खोली आली होती. देगलूरहून निघताना अम्मीनं जाड गोधडी बांधून दिली होती. मे महिन्यात ती भिजवून खिडकीला टांगायची, एवढाच तिचा उपयोग. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे भिजवायलाही जीव कचरायचा. पुस्तकावर घाम गळून आकृत्या फुगल्या होत्या. आता त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

खाली अंगणाला लागून एक जुनी खोली होती. दगडी भिंती, वर मातीचं जाड माळवद. आत गारवा असणार हे सगळ्या पोरींना ठाऊक होतं. पण तिला कायम कुलूप. घरमालकीण महादेवी मावशी किल्लारीकडची. भूकंपात तिचा नवरा आणि सून अशाच माळवदाखाली गेले होते. म्हणून तर लातुरात हे घर घेतल्यावर तिनं वरचा मजला पत्र्याचा केला, आणि स्वतः बारा महिने अंगणात निजायची. आलियानं दोनदा किल्ली मागितली होती. मावशीनं ऐकलं न ऐकलं केलं.

एका दुपारी गणितं सोडवता सोडवता आलियाच्या खोलीत राहणारी वर्षाराणी आडवी झाली. अंग भट्टीसारखं, घाम आटलेला, काहीतरीच बरळत होती. आलियानं शेजारच्या पोरींना हाक मारली आणि तिला उचलून खाली आणलं. अंगणातही झळाच.

"मावशी, किल्ली द्या," आलिया म्हणाली. "लई वाईट हाल हायेत तिचे."

मावशीनं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. कुलूप आलियानंच उघडलं. वर्षाराणीला गार फरशीवर निजवलं, ओली फडकी ठेवली, एक जण डॉक्टरांना घेऊन आली. सलाईन लागलं, आणि दिवेलागणीला तिनं आलियाला ओळखलं. दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला उदगीरला घेऊन गेले. त्या वर्षीची परीक्षा तिची हुकली.

मावशीनं कुलूप पुन्हा लावलं नाही. दुपारी पोरी त्या खोलीत अभ्यासाला बसायच्या. मावशी आत यायची नाही, उठूनही जायची नाही. उंबऱ्याबाहेर चौकटीला धरून बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं एकेकीचं नाव घ्यायची.

"आलिया?"

"हाव, मावशी," आलिया पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची.