मासळीबाजाराच्या फळ्यांच्या डब्या

साहेब, तुम्ही आमचा मासळीबाजार पाडलात. पाडलात ते पाडलात, वर त्याच्याच फळ्यांच्या डब्या मागितल्यात, नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात ठेवायला! आणि मागताना काय म्हणालात? खिळ्यांची भोकं बुजवा, भंगार दिसता कामा नये.

हा निरोप घेऊन तुमचा माणूस, विंदार्तो, इथे जेपाराच्या किनाऱ्यावर डब्या करणाऱ्या वागिराहच्या अंगणात आला, तेव्हा ती करवत चालवत होती. तिची रीत तिच्या बापाची. आधी डबी सहाही बाजूंनी सरसानं बंद करायची, पार ठोकळाच, आणि मग करवतीनं वरचं झाकण कापून मोकळं करायचं. झाकणाच्या रेषा खालच्या रेषांना अशा भिडतात की सांधा शोधावा लागतो. एकीचं झाकण दुसरीला बसत नाही.

"बू, या भोकांत भुसा भरा," विंदार्तो म्हणाला. बाईमाणसाला आमच्याकडे बू म्हणतात.

"हे भोक कसलं ते ठाऊक आहे? माझ्या आईचा तराजू लटकायचा या खिळ्याला. आम्ही भावंडं त्याच्यावर वाढलो. कुठला भुसा भरू यात? तुझ्या डोक्यातला?"

शेजारी डबीला तेल चोळत बसलेली सुकेसी फिस्सकन हसली. मासे मांडायची तिचीही फळी त्याच बाजारात होती. "भर गं, उरेल वर!"

विंदार्तो हसला नाही. "भोक दिसलं तर माल परत येईल. आणि नव्या इमारतीत तुम्हा बायकांना जागा द्यायची की नाही, ते अजून साहेबांच्या हातात आहे. समजून असा. डब्या रिकाम्याच द्या. आत कचेरीचं पेन जाणार आहे."

तो गेला, आणि सुकेसीचं हसूही गेलं. "भर बाई," ती हळूच म्हणाली. "जागेचा प्रश्न आहे."

वागिराहनं सरसात कालवलेला भुसा बोटावर घेतला. आईच्या खिळ्याच्या भोकावर बोट नेलं. तसंच धरून राहिली. मग बोट लुंगीला पुसलं.

"जागा मागायला जायचं, ते आईला पुसून टाकून?"

त्यानंतर तिनं प्रत्येक फळी अशी कापली की भोक बरोबर झाकणाच्या मधोमध यावं. कडेनं तेल चोळलं. जुन्या सागवानात ते काळंभोर भोक गालावरच्या तिळासारखं दिसू लागलं. सुकेसी एकेक डबी उचलून बघायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची.

आता रिकाम्या डब्यांचं. आमच्याकडे रिकामी डबी कुणी कुणाला देत नाही. रिकामी दिली म्हणजे घेणाऱ्याचं घर रिकामं राहो असं म्हटल्यासारखं. पेन घालायचं ते कचेरी घालेल, पण आपल्या हातून डबी भरलेलीच जायला हवी. म्हणून प्रत्येक कोळणीनं आपापल्या फळीच्या डबीत चिमूटभर सुकी बारीक मासळी घातली. वागिराहला यात खोडी अशी वाटलीच नाही. लग्नाच्या डबीतही ती असंच काहीतरी घालते.

उद्घाटनाच्या दिवशी विंदार्तोनं पहिलंच झाकण उघडलं आणि नाक धरलं. "हे काय!" पण मंडपातून हाक आली होती, पाहुणे बसले होते. पेनं खोक्यातच राहिली आणि तबकं गेली.

तुमच्या मोठ्या पाहुण्या, रेशमी कपड्यातल्या म्हाताऱ्या बाई, त्यांनी डबी उघडली. वास पार मागच्या रांगेपर्यंत आला. तुम्ही रुमाल काढलात. त्यांनी मात्र एक मासळी उचलून तोंडात टाकली, चावली, अजून एक घेतली. मग झाकणावरच्या भोकात करंगळीचं टोक घालून विचारलं, "हे कसलं?"

वागिराह गर्दीतून उठली. मागं मागं ओढणारा सुकेसीचा हात तिनं सोडवला.

"तराजूच्या खिळ्याचं, बाई! माझ्या आईची फळी ती. डबी मी केली!"

सगळा मंडप वळून बघत होता. वागिराहनं मान खाली घातली नाही. तिच्या मागं एकेक करत सगळ्या कोळणी उठल्या आणि आपापली डबी बोटानं दाखवू लागल्या. ती माझी! ती तिकडची माझी!

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "आणि आता फळी कुठं मांडता?"

वागिराहनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात.

टाळ्या संपल्या. बाई डबी घेऊन गेल्या, भोकासकट. आमच्या बायका तुमच्या काचेच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर मासे मांडून बसल्यात. बाईंनी विचारलेलं तुम्ही ऐकलंत, आम्हीही ऐकलं.

फळी कुठं मांडायची? बोला.