मागच्या फळीवरचं गाव

तुम्ही एक बंदर मारलंत. बंदर खात्यातल्या साहेबांनो, इकडेतिकडे बघू नका, हे तुम्हालाच उद्देशून आहे. आधी तुम्ही गाळ काढणं बंद केलंत. गाळ साचला म्हणून बोटी आत येईनात, आणि बोटी येत नाहीत असं म्हणून तुम्ही बंदरच नकाशावरून खोडलंत. माणसाला उपाशी ठेवायचं आणि वर हा जेवतच नाही म्हणून बोंब ठोकायची, असला तुमचा न्याय. एवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून फर्मान काढलंत: ज्या बोटीच्या मागच्या फळीवर बंद बंदराचं नाव असेल, ती कुठल्याही यार्डानं दुरुस्तीला पाण्यातून वर घ्यायची नाही. घेतली तर यार्डाला टाळं.

त्या फळीमागे, बोटीत, एखादा माणूस राहत असेल, हे तुमच्या डोक्यात आलं नसेल. आलं असेल तर मग बोलायलाच नको.

त्या माणसाला गावात भोंगा म्हणत. त्यानं धक्क्यावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचं माणूस वळून बघायचं. बायको गेली, आणि भोंग्यानं घराला कुलूप लावून बोटीतच बिऱ्हाड मांडलं. एक स्टोव्ह, एक बाकडं, हत्यारांची पेटी आणि बायकोची उशी. किनाऱ्याकिनाऱ्यानं गावोगाव जायचं, तिथल्या यार्डात कुणाचं इंजिन अडलं असेल तर सुरू करून द्यायचं आणि पुढे निघायचं. मागे राहिलेले शेजारी एकेक करत पांगले. कुणी मुलाकडे गेलं, कुणी वर गेलं. भोंग्याशी त्याच्या गावच्या बोलीत बोलणारं कुणी उरलं नाही. गाव उरलं ते फळीवर, पांढऱ्या अक्षरांत.

यंदा बुडाच्या फळ्यांतून पाणी झिरपायला लागलं. बोट वर काढून सांधे भरले नसते, तर वादळी वाऱ्यांत ती तगणार नव्हती. भोंगा पहिल्या यार्डात शिरला. मालकीण धक्क्यावर आली, बोटीला वळसा घालून मागची बाजू वाचून आली.

"काका, नाही घेता यायची वर."

"का? हिला काय खरूज झालीय?"

"गाव बंद झालंय तुमचं."

"बंद व्हायला गाव म्हणजे काय दुकान आहे?"

मालकीण हसली, पण मान हलवलीच. "आमच्या गावाचं नाव घाला ना. पेंटर आहे आमच्याकडे, चुटकीसरशी करून देईल. लगेच वर घेते."

"जन्म दिलाय का तुमच्या गावानं हिला?" भोंगा दोर सोडायला लागला.

"काय पण हट्ट! काल ती हिरवी बोट आलेली, तीही तुमच्याच गावाची. तो माणूसही असाच डोक्यात राख घालून गेला. खालच्या गावाकडे."

भोंग्याच्या हातातला दोर तसाच राहिला. हिरवी बोट गावात एकाचीच होती, जाळ्याची. जाळी विणायचा म्हणून जाळ्या. दोघांचं भांडण कशावरून झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघांनीही अगदी निष्ठेनं पाळला होता. आता भोंग्याला वाटलं, जाळ्या तर जाळ्या. शिव्या देईल, पण आपल्या बोलीत देईल.

तो सुटला. चाकापाशी उभं राहून वाक्याची तालीम करू लागला. "काय रे जाळ्या, आहेस अजून?" छे, फार गोड झालं. "काय रे चोरा?" हे बरं. इतक्या दिवसांत आपल्या बोलीत मोठ्यानं बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य, आणि तेही वाऱ्याशी.

वाटेत मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, घाला की दुसरं नाव! लग्नात माझं आडनाव बदललं तेव्हा तर तुम्ही पुढे बसून टाळ्या वाजवत होतात."

भोंग्यानं चाक उगाच थोडं वळवलं.

"बाबा? आहात ना?"

"रेंज जातेय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. टॉवर समोरच उभा होता.

खालच्या गावच्या यार्डात कळलं, हिरवी बोट सकाळीच गेली. त्याच्या पुढच्या गावी कळलं, आत्ताच टोकाला वळली. भोंग्यानं इंजिन ताणलं. ताणलं तसे सांधे आणखी उघडले. एक हात चाकावर, एक हात पंपाच्या दांड्यावर, आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मागे फिरून उथळ पाण्यात थांबायचं सोडून म्हातारा एका भांडखोर माणसाच्या मागे धावत होता. शहाणपणाचा पत्ताच नव्हता. सोबतीचा तरी कुठे होता?

तिसऱ्या यार्डात हिरवी बोट टेकूंवर चढलेली दिसली. भोंगा पाण्यातूनच ओरडला, "जाळ्या! ए चोरा!"

सगळं यार्ड वळलं. हिरव्या बोटीमागून एक चष्मेवाला गृहस्थ बाहेर आला. "कुणाला हाक मारताय?"

"या बोटीच्या मालकाला."

"मीच मालक. दलालाकडून घेतली गेल्या महिन्यात."

"आणि आधीचा?"

"कल्पना नाही हो. जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. त्या गावाला मी कधी गेलोसुद्धा नाही, आणि हे नाव बघून जो तो हाकलतोय. शेवटी म्हटलं, खरवडून टाका एकदाचं."

त्याच्या मागे पेंटर स्टुलावर बसून गाव खरवडत होता. अर्धं गाव खाली मातीत पडलं होतं.

भोंग्याची बोट एव्हाना मागून पाण्यात चांगलीच बसली होती. पेंटर खरवडणी हातात धरून धक्क्यावर आला. "आजोबा, हिला आज वर नाही घेतली तर धक्क्यालाच बुडेल. तुमचंही तेच नाव दिसतंय. काय लिहू?"

भोंगा आत गेला. उशी भिजू नये म्हणून बाकड्यावर ठेवली. बाहेर आला.

"लिही तुझंच गाव."

"बघा तरी, अक्षर कसं काढतो ते."

"तू लिही रे बाबा."

पेंटरनं अक्षर सुरेख काढलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. बोट वर चढली. सांध्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि हळूहळू थांबल्या. माणसं हात धुऊन आपापल्या घरी गेली. भोंगा कोरड्या बोटीत उंचावर बसून राहिला. बोट हलत नव्हती, तरी सवयीनं बाकडं धरून होता.

तेवढ्यात शेजारच्या टेकूवरच्या बोटीतला माणूस शिडीपाशी आला. यार्डात नुकताच आला होता, बोलका होता. त्यानं फळीवरचं नवं नाव वाचलेलं होतं, आणि तो त्याच गावचा निघाला.

"अरे वा, काका! आमच्याच गावचे की तुम्ही! कुठल्या गल्लीतले? कुणाचे?"

साहेबांनो, तो माणूस मान वर करून उभा आहे. चेहरा आनंदानं नुसता फुललाय त्याचा. हे नाव तुम्ही लिहायला लावलंत, तेव्हा आता पुढचंही तुम्हीच सांगा. भोंगा कुठल्या गल्लीतला? कुणाचा? उत्तर द्या.