गुणीची साखळी

मित्रांनो, मी गोदामात माल उचलणारी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. माझा पिवळा रंग जागोजागी उडाला आहे आणि सीटमधून फोम बाहेर डोकावतो. तरीही काट्यांवर माल घेऊन वर पाहिले, की आजही माझी छाती दडपते.

कारखान्यात मला वाटायचे, जग माझ्याएवढेच उंच असेल. मग मी या गोदामात आले आणि छताला टेकलेले रॅक पाहिले. दुसऱ्या कोणी तोंडात बोटे घातली असती. मला बोटे नाहीत, दोन लोखंडी काटेच आहेत, म्हणून राहिले. पहिल्यांदा टनभर लाद्या घेऊन माझे काटे वर गेले, तेव्हा एवढे ओझे आपण उचलले यावर माझाच विश्वास बसेना.

आमच्या ताफ्यात प्रत्येकीला टोपणनाव आहे. जिचा हॉर्न किरकिरतो ती रडकी, वळताना अडते ती हट्टी. मी कधी कुरकुरले नाही, म्हणून मी गुणी. सकाळी जो ड्रायव्हर येई तो आधी माझ्याकडे धावे. नावडतीचे मीठ अळणी, तशी रडकीत रोज नवी खोट निघे, पण त्यामुळे तिची दुरुस्तीही वेळच्या वेळी होई. माझी तक्रारच नव्हती, मग माझ्याकडे बघणार कोण?

पुढे यंत्रांची देखभाल पाहायला एक नव्या ताई आल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी माझे रिकामे काटे वर न्यायला सांगितले आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. काटे वर ओढणारी साखळी सरकताना एका जागी बारीकसे ‘टक्’ झाले. त्यांनी साखळीला मोजपट्टी लावली, ती ताणलेली निघाली, आणि त्यांनी माझ्यावर ‘बंद’ लिहिलेली लाल पाटी अडकवली.

दादा म्हणजे आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. बाहेर लाद्यांचा ट्रक खोळंबला होता, त्यामुळे ते चांगलेच वैतागले.

“ताई, दुसरी कुठलीही बंद करा. हिने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.”

“म्हणूनच आजवर हिला कोणी विचारलं नाही, दादा,” ताई म्हणाल्या.

त्यांनी माझी साखळी उतरवून पुसली आणि एक कडी भिंगाखाली धरली. दादांनी वाकून पाहिले. कडीला केसाएवढी चीर गेली होती. टनभर लाद्या एवढ्याशा लोखंडाच्या भरवशावर लटकत होत्या, हे कळून मी हादरले.

दादांची मान आपोआप वळली. रॅकच्या रांगेला लागूनच पॅकिंगचे टेबल होते आणि तिथे त्यांची बायको खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. रोज माझा माल तिच्या डोक्याजवळूनच वर जात असे.

“काय झालं हो?” तिने विचारले.

“काही नाही झालं,” दादा म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.

त्या दिवशी हट्टीने ट्रक रिकामा केला, आणि छान केला. पॅकिंगचे टेबल लांब हलले. मला नवी साखळी मिळाली. आता ड्रायव्हर रोज यंत्रे आलटूनपालटून घेतात. कामाआधी आम्ही एकेक जणी रिकामे काटे वर नेतो आणि तोवर कोणी बोलत नाही. केवढे मोठे गोदाम, केवढी माणसे, आणि सगळ्यांचे कान एका साखळीकडे! मला अजूनही भरून येते.

परवा डबा खाताना दादांनी बायकोला विचारले, “दमतेस का गं?” ती इतकी चकित झाली, की घास तिच्या हातातच राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही न कुरकुरता ओझे उचलणारे कोणीतरी असेल. रडणाऱ्याकडे लक्ष जातेच. त्या गुणी माणसाला मात्र आपणहून विचारा, आणि चीर पडायच्या आधी विचारा.