पाचव्या खणातली कार्डे

मित्रांनो, मला पाच खण आहेत, झाकण नाही, आणि काळजी करण्याचा स्वभाव जन्मापासूनचा आहे. मी तुतीच्या लाकडाची, कार्डे ठेवायची पेटी. आता जुनी झाले आहे. इराणातल्या केरमान शहरच्या एका सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला बनवले. माझ्यासारख्या प्लास्टिकच्या पेट्या बाजारात ढिगाने मिळतात, कारण इथे ज्याला कुठली परीक्षा द्यायची असते त्याच्या घरी एक तरी असतेच. पण माशाल्ला आगांना आपल्या मुलीसाठी लाकडाचीच पेटी हवी होती.

माझा नियम साधा आहे. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला फारसी अर्थ. नवे कार्ड पहिल्या खणात येते. अर्थ बरोबर सांगितला की ते एक खण पुढे जाते. चुकला की कुठल्याही खणात असो, थेट पहिल्या खणात परत. पहिला खण अगदी अरुंद, तो रोज विचारायचा. दुसरा एक दिवसाआड. असे करत कार्ड पाचव्या, ऐसपैस खणात पोचले की तो शब्द पक्का झाला असे समजून महिनाभर त्याच्याकडे बघायचे नाही. माझे सगळे मोल या नियमात आहे. तो मोडला तर मी नुसते खोके.

गोलनूश अठ्ठावीस वर्षांची होती. जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या भुयारांचा अभ्यास हा तिचा विषय, आणि नोकरी पाणी खात्यात. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिच्यासाठी संशोधनाची जागा धरून ठेवली होती. अट एकच होती, इंग्रजी शब्दांच्या परीक्षेत एकशे पंचावन्न गुण. पहिल्या खेपेला तिला एकशे एकोणपन्नास पडले. दुसरी खेप नवरोजनंतर, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणानंतर होती आणि तीच शेवटची, कारण त्यापुढे प्राध्यापक थांबणार नव्हते.

परीक्षेतले शब्द तरी कसले! खुद्द इंग्रज माणूस चहा पिताना ते वापरत नसावा. नऊशे कार्डे तिने हाताने लिहिली, आणि मी ती थोडी थोडी करून पोटात घेतली.

दुपारी जेवणे झाली की तिची आई इशरत खानूम लाल लोकरी कापड पसरून भरतकामाला बसायची. भाचीच्या लग्नात द्यायचा पते, आमच्याकडचे लोकरीवरचे भरतकाम, होता तो. लग्न काही महिन्यांवर आले होते आणि कापड अर्धे कोरेच होते, त्यामुळे गोलनूशलाही सुई धरावी लागायची. मग कार्डे कोण धरणार?

"मी धरतो की," माशाल्ला आगा म्हणाले.

"आगा, तुम्हाला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही," इशरत खानूम म्हणाल्या.

"मला कुठे वाचायचंय? इंग्रजी बाजू तिच्याकडे, फारसी माझ्याकडे. ती बोलणार, मी ताडून बघणार. चाळीस वर्षं कोलुंपे विकलेत, पुढची-मागची बाजू कळते मला."

खजूर भरलेल्या त्या गोल कोलुंप्यांचे त्यांचे दुकान नुकतेच बंद झाले होते. दुपारी काय करावे हे त्यांना सुचत नसे. मला मात्र त्यांचा हात आवडला. कार्ड असे अलगद उचलायचे की जणू अजून गरमच आहे.

पहिला आठवडा नियमाने गेला. गोलनूश चुकली की तिची सुई थांबायची, खालचा ओठ दाताखाली जायचा. माशाल्ला आगा ते बघायचे. आठव्या दिवशी एक कार्ड आले, त्याचा अर्थ होता 'तुच्छता'. गोलनूश म्हणाली, "राग."

आगांनी कार्डाकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. "शाबास," ते म्हणाले आणि कार्ड पुढच्या खणात सारले.

मित्रांनो, माझ्या फळ्या आतून थरथरल्या. वाटले, म्हाताऱ्याला नीट दिसले नसेल. पण दुसऱ्या दिवशी 'कंजूष'च्या जागी 'गरीब' चालले. तिसऱ्या दिवशी ती नुसतीच "अं... काहीतरी पाण्याशी..." म्हणाली आणि आगा म्हणाले, "तेच, तेच! ओठावर आलंच होतं तुझ्या." ते कार्डही पुढे गेले. ती कापडावर मान घालून बसलेली, मागची बाजू तिने बघितलीच नाही. बापावर अविश्वास कोण दाखवतो?

मला ओरडावेसे वाटे. लाकडाला तोंड नसते, ही माझी सगळ्यात मोठी व्यथा आहे. हिवाळाभर मी एकेक खोटे कार्ड पोटात घेत होते आणि परीक्षा जवळ येत होती. पाचवा खण फुगत चालला. घरात माझे कौतुक सुरू झाले. शेजारीपाजारी आले की आगा मला उचलून आणायचे. "हे बघा, पाचवा खण भरला! चारशे बारा शब्द!" लोक माझ्यावरून हात फिरवायचे. इतके कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आले नाही, आणि इतकी लाजही कधी वाटली नाही.

नवरोज आला. घर पाहुण्यांनी गजबजले. पाचव्या दिवशी इशरत खानूमची थोरली बहीण तूरान आली. निवृत्त शाळामास्तरीण, बोलायला लागली की चहा गार होईपर्यंत थांबायची नाही. पिस्ते सोलता सोलता तिची नजर माझ्यावर गेली.

"ही का ती नावाजलेली पेटी? आण इकडे. मीही विचारते, जुनी हौस आहे."

"राहू दे ना, तूरान. सणाचे दिवस," माशाल्ला आगा घाईने म्हणाले.

"सणाच्या दिवशी काय अक्कल बंद ठेवतात?" तूरानने पाचव्या खणातून एक कार्ड ओढले आणि इंग्रजी बाजू गोलनूशसमोर धरली. त्यावर 'गॅरुलस' असे लिहिले होते.

गोलनूश हसत मावशीला म्हणाली, "खाले जान, हा तर सोपा... हा..." आणि तिचे हसू मावळले. "भांडखोर?"

तूरानने मागे बघितले. "बडबड्या! अगं, माझंच नाव विसरलीस की!"

सगळे खो खो हसले. तूरानने दुसरे कार्ड काढले. गोलनूशला आले नाही. तिसरे, चौथे, पाचवे. हसणे हळूहळू थांबले. "दमली असेल पोरगी," कुणीतरी म्हणाले आणि आजीलची, सुक्या मेव्याची वाटी पुढे सरकवली. गोलनूशचा चेहरा पांढरा पडला होता. माशाल्ला आगा गालिच्याची नक्षी बघत बसले होते, जशी काही पहिल्यांदाच दिसत होती.

पाहुणे गेल्यावर ती मला घेऊन बापासमोर बसली.

"बाबा जान, किती कार्डं अशीच पुढे सारलीत?"

"मोजली नाहीत."

"का पण?"

"तू चुकलीस की तुझा चेहरा पडायचा. पहिल्या खणात परत टाकायचं म्हणजे... दारात आलेल्याला परत पाठवायचं. आयुष्यात कधी कुणाला परत पाठवलं नाही गं मी. दुकानात माल संपला तर घरातल्यांच्या ताटातला दिलाय."

"बाबा, परीक्षेत कुणी भीड धरत नाही! तिथे कुणी म्हणणार नाही, 'ओठावर आलं होतं, या बसा!' तेवीस दिवस राहिलेत. तेवीस!"

इशरत खानूम मध्ये पडायला उठल्या आणि परत बसल्या. गोलनूशने माझा पाचवा खण उपडा केला. चौथा, तिसरा, दुसराही. सगळी कार्डे पहिल्या खणात कशी मावणार? ती तांब्याच्या परातीत रचली. मी पहिल्यांदाच इतकी रिकामी झाले, आणि भीती वाटत असली तरी मोकळा श्वास घेतला.

माशाल्ला आगा हळूच म्हणाले, "आईला सांग विचारायला. नाहीतर तूरानला."

"नाही. तुम्हीच विचारायचं. चुकलं की मागे. मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

ते तेवीस दिवस मी विसरणार नाही. तिने कामावर रजा टाकली. पतेचे उरलेले भरतकाम इशरत खानूमनी एकटीने अंगावर घेतले. सकाळ-दुपार परात समोर, मध्ये मी. पहिल्यांदा "चूक" म्हणताना आगांचा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा त्यांना खोकला आला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "चूक, पण..." आणि गोलनूशने नुसते बघितले. ते 'पण' त्यांनी गिळले. कार्ड पहिल्या खणात टाकण्याआधी त्यांचा हात माझ्या काठावर अडायचा, ते मला आतून कळायचे. आठवड्यानंतर मात्र हात अडेनासा झाला. कार्डे हळूहळू सरकू लागली, पण मोजकीच, आणि मी दिवस मोजत होते. पाचवा खण गाठायला पुरेसे दिवसच नव्हते. तिसऱ्या खणापर्यंत जेवढी पोचतील तेवढी, असे तिने ठरवले.

परीक्षेसाठी तेहरानला निघण्याच्या आदल्या दुपारी परातीत शंभरेक कार्डे उरली होती. आगांनी एक उचलले आणि ते तसेच धरून बसले.

"गोलनूश जान, ते दाराचं, पाहुण्यांचं मी बोललो ना, ते निम्मंच खरं."

तिने मान वर केली.

"तू पास झालीस की जाणार. खोटं कार्ड पुढे सारताना वाटायचं, पोरगी खूशही होतेय आणि जातही नाहीये. माझं मलाच तेव्हा कळत नव्हतं. आता कळतंय, म्हणून सांगतो."

इशरत खानूमचा दोरा हातातच राहिला. गोलनूशने परात बापाच्या आणखी जवळ सरकवली. तिचे डोळे भरले होते, राग होता की माया, मला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "उरलेली विचारा, बाबा."

त्यांनी विचारली. सगळी. एकाही कार्डाला भीड दाखवली नाही.

निकाल आला तेव्हा आगा दारात उभे होते, आत यायचे धाडस होत नव्हते. एकशे छप्पन्न! गोलनूश किंचाळली, आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या. आगांनी तिचे कपाळ चुंबले, "मुबारक, मुबारक" म्हणाले आणि चहा ठेवायला म्हणून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात चहा नव्हता, मी होते.

"एकच कार्ड," ते म्हणाले.

"परीक्षा संपली, बाबा."

"माहीत आहे. एकच."

कार्ड होते 'ऑब्स्टिनेट'. अर्थ 'हट्टी'. हा शब्द तिला झोपेतही आला असता. ती बापाकडे बघून म्हणाली, "गोड."

आगांनी मागची बाजू पाहिली. "चूक," ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि कार्ड पहिल्या खणात टाकले. पहिला खण रोज विचारायचा असतो.

जायला चाळीस दिवस होते. एकोणचाळीस दुपारी तेच कार्ड निघाले आणि रोज ती चुकली. 'गोड', 'गुबगुबीत', 'दाढीवाला', 'माझा बाबा'. नियमाला इतकी धरून बसणारी मी, मला सगळे समजत होते, तरी एकदाही माझ्या फळ्या थरथरल्या नाहीत. शेवटच्या दुपारी बॅगा दाराशी होत्या. आगांनी कार्ड धरले. तिने त्याच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "हट्टी."

"बरोबर," आगा म्हणाले. त्यांनी कार्ड दुसऱ्या खणात ठेवले. दुसऱ्या खणाची पाळी एक दिवसाआड येते. तोवर ती खूप दूर गेली होती.

मित्रांनो, आता मी खिडकीजवळच्या फळीवर असते. कामाला कुणी घेत नाही. आगा रोज माझी धूळ पुसतात आणि दुसऱ्या खणातले ते एक कार्ड तसेच राहू देतात. तुमचे चुकले तर "चूक" म्हणणारे कुणी जवळ बसले असेल, तर त्याच्यावर रुसू नका, त्यालाही ते म्हणायला जड जात असेल. आणि तुम्ही कुणाचे कार्ड धरून बसला असाल, तर कितीही माया असली तरी ते खोटेच पुढे सारू नका, एवढे माझे ऐका. नवरोजला गोलनूश यायची आहे. ते कार्ड पहिले निघेल. ती बरोबर सांगेल की चूक, याचा मला आतापासूनच घोर लागला आहे.