दुसऱ्या विहिरीवर गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि स्वभावाने भारी भित्री आहे. माझ्या पोटात सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी वाटी, दोन चमचे आणि औषधाची छोटी बाटली आहे. यातली एक वाटी जरी फुटली, तरी माझा उपयोग संपला. म्हणून बैलगाडीचे चाक खड्ड्यात गेले की माझा जीव खालीवर होतो.

विहिरीतले जंतू मारायला पांढरी पावडर किती टाकायची, ते मी सांगते. पांढऱ्या वाट्यांत विहिरीचे पाणी भरतात. काळ्या वाटीत पावडर कालवतात आणि तिचा पहिल्या वाटीत एक थेंब, दुसरीत दोन, असे करत सहावीपर्यंत जातात. मग अर्धा तास थांबून बाटलीतले औषध घालतात. चांगले पाणी असले तर पहिल्या-दुसऱ्या वाटीपासूनच निळा रंग दिसतो. पाणी घाण असले तर सुरुवातीच्या वाट्या कोऱ्याच राहतात. जितकवी वाटी पहिल्यांदा निळी होते, तितक्या चमच्यांच्या हिशेबाने विहिरीत पावडर टाकतात. तो अर्धा तास मला फार जड जातो.

१९५२ साली आमच्या विद्यापीठाने सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापकपद नवीनच काढले. त्या पदासाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे मी. पहिले प्राध्यापक डॉक्टर देवतळे होते. "हे पद खोलीत बसायचं नाही, विहिरीच्या काठावर उभं राहायचं आहे," असे ते विद्यार्थ्यांना सांगत. त्यांनी वर्ध्याला दोन खोल्या घेतल्या आणि मला घेऊन खेडोपाडी हिंडू लागले. बाया कौतुकाने वाट्यांकडे बघत. "डॉक्टरसाहेब, हे का भातुकली आणली जी?" असे कुणी विचारले, की डॉक्टर पोट धरून हसत. मी मात्र कुणाचा हात वाटीला लागतो की काय, या धास्तीत असे.

पण खरी धास्ती वेगळीच होती. पदाची मुदत पाच वर्षांची होती. त्यानंतर विद्यापीठाची समिती येऊन काम बघणार आणि पद ठेवायचे की मोडायचे ते ठरवणार होती. पद मोडले तर मला विहिरीवर कोण नेणार? या विचाराने मला घोर लागला होता.

१९५७ च्या उन्हाळ्यात समितीचा दिवस ठरला, आणि नेमकी तेव्हाच धाम नदीकाठच्या बोरखेडीत पटकीची साथ आली. डॉक्टर मला घेऊन धावले. गावचे पाटील बापूराव यांना त्यांनी विचारले, "गावात विहिरी किती?"

"एकच हाय जी. सारं गाव तिचंच पानी पेते."

डॉक्टरांनी आणखी दोघातिघांना विचारले. सगळ्यांनी एकच विहीर सांगितली. मग आम्ही पाणी तपासले, विहिरीत पावडर सोडली, आणि गावातल्या उलट्या थांबल्या. आता समिती खूश होणार, असे मलाही वाटू लागले.

समिती जीपने बोरखेडीतच आली. चावडीपुढच्या निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, चहा आला होता. डॉक्टर उभे राहून सांगत होते, "या गावातलं सगळं पाणी आता शुद्ध आहे." तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली आणि लांबच उभी राहिली. तिचे नाव सीताबाई.

"डॉक्टरसाहेब, आमच्या विहिरीत दवा काऊन नाई टाकली जी? माही गोपिका सकाळपासून ओकून राह्यली."

"तुमची विहीर? विहीर तर एकच आहे ना?"

"गावाची एक हाय. आमची नदीकाठी येगळी हाय. बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून आमी गावाच्या विहिरीवर कोनी पानी वाढन म्हून उभं राह्यत नाई. आमची आमीच खोदली."

डॉक्टरांनी बापूरावांकडे पाहिले. बापूराव गोंधळून गेले होते. ते मुद्दाम खोटे बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबी ती वस्ती गावात येतच नव्हती, मग तिची विहीर कुठून येणार?

समितीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "आधी आमचं काम आटपू, देवतळे. विहीर काय, नंतरही होईल."

मी मनात म्हणत होते, डॉक्टर, बसा हो, आपले पद जाईल! पण त्यांनी मला काखोटीला मारले. "मघाशी मी सांगितलं ते खोटं ठरलं, साहेब. सगळं पाणी शुद्ध नाही. तुम्हीही चला, अर्ध्या तासाचं काम आहे." खुर्च्यांवरून कुणी उठले नाही.

डॉक्टरांनी आधी गोपिकाला शेजारणीबरोबर बैलगाडीत घालून इस्पितळात धाडले. मग नदीकाठी माझे झाकण उघडले. वस्तीतली माणसे गोळा झाली. थेंब टाकून झाले आणि आम्ही वाट बघत बसलो. चावडीकडून जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तो लांब लांब गेला. डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांनी औषध घातले. पहिली वाटी कोरी. दुसरी, तिसरी, चौथीही कोरी! पावडरच उन्हाने मेली असली तर? दुसरा डबा वर्ध्याला होता. माझा जीव टांगणीला लागला. पाचवी वाटी निळी झाली, तेव्हा सीताबाई पावडर कालवायला बादली घेऊन पुढे आल्या.

पाच चमच्यांच्या हिशेबाने पावडर पडली. साथ हटली, आणि गोपिकाही चालत घरी आली.

पद मात्र गेले. ज्या प्राध्यापकाला गावातल्या विहिरी मोजता येत नाहीत, त्याचे पद कशाला चालवायचे, असे समितीने म्हटले. डॉक्टर देवतळे निघून गेले. जाताना त्यांनी माझी एकेक वाटी पुसून ठेवली. मला फार रडू आले.

आता मी वर्ध्याच्या त्या दोन खोल्यांतल्या एकीत कुलपात आहे. परवा दारात ओळखीचा आवाज आला. सीताबाई होत्या. उन्हाळा लागला, पाणी खाली गेले, म्हणून त्या डॉक्टरांना बोलवायला आल्या होत्या.

कारकून म्हणाला, "बाई, ते पद आता नाही."

सीताबाई म्हणाल्या, "पद नसन जी, विहीर तर हाय ना?"

कारकून आपल्या वहीकडे वळला. दुपार टळेपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी डॉक्टर झाले, तर माझे कुलूप काढा. वाट्या जपून धुवा, बाटलीत नवे औषध भरा. बोरखेडीला गेलात तर चावडीपाशी थांबू नका, सरळ नदीकडे चला. आणि जरा लवकर या. चैत्र संपत आला आहे आणि मला त्या पाण्याची फार काळजी वाटते.